ताईचं पॅड

ताई स्टुडिओत पॅड वाजवते असं आईने शेजारणीला सांगितलं, तेव्हा शेजारीण म्हणाली, "परीक्षेला नेतात ते? ते कसं वाजवतात?" आईलाही धड माहीत नव्हतं. तिने घरी येऊन विचारलं. ताईने कीबोर्डवर डाव्या हाताने एक लांबलचक मऊ सूर धरला, त्यावर उजव्या हाताने साधीशी चाल वाजवली आणि मधेच डावा हात काढून घेतला. चाल एकदम उघडी पडली.

आईचा जन्म शिवणयंत्रावर गेलेला. ती म्हणाली, "म्हणजे अस्तर."

"अस्तरच," ताई म्हणाली. "कुणाला दिसत नाही, पण नसलं तर कापड अंगावर बसत नाही."

ताईला सगळेच ताई म्हणायचे. वादक, रेकॉर्डिस्ट, तिच्याहून वयाने मोठे संगीतकारसुद्धा. गाण्याच्या खाली, गायकाच्या मागे, गंभीर प्रसंगात कुणी बोलत नसताना जे काही हळूच पसरलेलं असतं ते ती वाजवायची. त्यासाठी तिच्याकडे एक जुनं यंत्र होतं, सिंथेसायझर. लाकडी कडांचं, दोन माणसांनी उचलायचं. एका हॉटेलातला वाद्यवृंद बंद पडला तेव्हा तिने ते घेतलं होतं आणि मग उघडून, पुसून, डाग देऊन स्वतःच चालू केलं होतं. त्या यंत्राला सहा गळे होते. म्हणजे एका वेळी सहा सूर निघायचे आणि प्रत्येक सुराचं वेगळं सर्किट होतं. ती त्यांना गळेच म्हणायची.

त्यातला पाचवा गळा आजारी होता. यंत्र तापलं की तो सुरावरून किंचित खाली घसरायचा आणि मग दम खाऊन परत वर यायचा. सुटा भाग कुठे मिळेना, तेव्हा ताईने उलटाच उपाय केला. त्या आजाऱ्याला सांभाळून घेतील असे बाकीचे पाच गळे तिने लावले. कुणी केसभर वर, कुणी केसभर खाली. त्यातून जो आवाज निघाला तो झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा वरखाली व्हायचा. यंत्र सूर पाळीपाळीने वाटायचं, त्यामुळे आजारी गळा कधी कुठल्या सुराच्या वाट्याला येईल याचा नेम नसायचा. तेच गाणं दुसऱ्यांदा वाजवलं तर तो भलत्याच ठिकाणी हलायचा. संगीतकारांना ते हवं असायचं. "ताईंना म्हणावं, ते घेऊन या," असा निरोप यायचा. ते म्हणजे ते यंत्र.

तिच्या धाकट्या भावाला घरात बारक्या म्हणत. तो सहा फूट उंच झाला तरी ते नाव सुटलं नाही. दोघांच्या वयात बरंच अंतर होतं. आई दिवसभर कपडे शिवायच्या कारखान्यात, म्हणून त्याला शाळेतून आणणं, जेवू घालणं, अभ्यासाला बसवणं हे सगळं ताईकडेच. ती सराव करायची तेव्हा तो यंत्राच्या स्टँडखाली पाय पसरून गृहपाठ करायचा. कान तिखट होता त्याचा. खालूनच सांगायचा, "ताई, आत्ता आजारी आला."

मोठेपणी तो वाजवण्याकडे गेला नाही. आवाज तयार करण्याकडे गेला. घरबसल्या संगणकावर गाणी बनवणाऱ्यांना वाद्यं पुरवणाऱ्या एका कंपनीत लागला. त्या कंपनीत दोन पंथ होते. एका पंथाचे लोक खऱ्या वाद्याचा एकेक सूर ध्वनिमुद्रित करून संगणकात भरायचे. पट्टी दाबली की तो मुद्रित सूर वाजणार. याला सॅम्पल म्हणत. दुसऱ्या पंथात मुद्रण नावालाही नव्हतं. ते आकडेमोडीने वाद्यच उभं करायचे. पट्टी दाबली की संगणक त्या क्षणी आवाज घडवणार. याला सॉफ्टवेअर सिंथ.

"एकात फोटो काढायचा," बारक्याने ताईला समजावलं होतं, "दुसऱ्यात माणूसच बनवायचा. माणूस बनवत बसायला वेळ कुणाला आहे? मी फोटोवाल्यांत."

ताई हसली होती. भावाला नोकरी लागली याचाच तिला आनंद होता.

पुढच्या वर्षी ताईच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. जखम भरायला वेळ लागला, म्हणून ती बरेच दिवस आईकडे राहिली. तिच्या घराची किल्ली बारक्याकडे होती. ती परत आली तेव्हा कुंड्यांतली झाडं हिरवीगार होती, फरशी पुसलेली होती आणि यंत्रावर धुळीचा कण नव्हता.

"मधूनमधून चालू करत होतो," तो म्हणाला. "नाहीतर जाम होईल ना."

ताईला भरून आलं. तिने ते आईला फोन करून सांगितलंसुद्धा. म्हणाली, आपला बारक्या कसाही असला तरी आतून ओला आहे.

त्यानंतर तिचं काम आटत गेलं. तिने ते दुखण्यावर घातलं. आपण दिसेनासे झालो, माणसं विसरली, होतं असं. मग एका तरुण संगीतकाराचं बोलावणं आलं. दोघा हमालांनी यंत्र जिन्याने वर चढवलं. ताईने ते तापू दिलं आणि गाण्याच्या पहिल्या कडव्याखाली सूर धरला.

काचेपलीकडून संगीतकाराने हात वर केला. "ताई, एक मिनिट. राग मानू नका, पण हा आवाज नको. फार चावून चोथा झालाय. दुसरा काही प्रिसेट आहे का?"

"प्रिसेट?"

"म्हणजे तयार आवाज. हा प्रत्येकाकडे आहे. शाम्पूच्या जाहिरातीत आहे, बातम्यांच्या आधी आहे. माझ्या लॅपटॉपवरही आहे."

"माझ्याकडे प्रिसेट नाहीत, बाळा. हे यंत्र आहे."

"तरीपण सेम टू सेम आहे ना," तो नम्रपणे म्हणाला आणि त्याने लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

ताईने छोट्या कीबोर्डवर एक पट्टी दाबली. मग शेजारची. मग तिच्या शेजारची. पाच सूर सरळ उभे राहिले, सहावा घसरला आणि दम खाऊन वर आला. तिने तीच पट्टी पुन्हा दाबली. त्याच जागी, तितकाच घसरला. पुन्हा दाबली. तितकाच. शिंकताना फोटो काढलेला माणूस जन्मभर शिंकतच राहतो, तसं झालं होतं तिच्या आजारी गळ्याचं. पाळी कधी कुणाकडे जाईल हा प्रश्नच उरला नव्हता. ज्या पट्टीच्या मुद्रणात तो सापडला तिथेच तो खिळला होता.

"काय नाव याचं?" तिने विचारलं.

संगीतकाराने पडद्याकडे पाहिलं. "बिग सिस्टर."

त्या दिवशी ताईने रेकॉर्डिंग पूर्ण केलं. तिने साधा ऑर्गनसारखा आवाज लावला आणि जे सांगितलं ते वाजवलं. संगीतकार खूश झाला.

रविवारी बारक्या आईकडे येतो हे तिला माहीत होतं. ती गेली तेव्हा तो सोफ्यावर पाय वर घेऊन मोबाइल बघत होता आणि आई कुणाच्या तरी पँटला टीप घालत होती.

"माझ्या मशीनचा फोटो काढलास," ताई म्हणाली. बसलीसुद्धा नाही.

त्याने पाय खाली घेतले. "सांगणार होतो तुला."

"कधी?"

"नाव तुझंच दिलंय ना त्याला. सगळी दुनिया वाजवतेय तुला. मला वाटलं, तुला बरं वाटेल."

"मी दवाखान्यात पोटाला टाके घालून पडले होते आणि तू माझ्या घरात एकेक पट्टी दाबत बसला होतास."

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस?"

"नसते म्हणाले."

"मग?"

"मग काय मग? म्हणजे उत्तर माहीत होतं तुला."

आईने शिवणयंत्र थांबवलं. "अगं, एकाच घरातला आवाज आहे. त्याने घेतला काय आणि तू ठेवलास काय. भांडता कसले?"

"आई, ते मशीन आज ना उद्या बंद पडणारच आहे," बारक्या तिच्याकडे वळून बोलला, जणू न्याय तीच करणार होती. "भाग मिळत नाहीत. हिच्यानंतर ते कोण दुरुस्त करणार? मी ते जपून ठेवलंय."

"वाघ मेल्यावर त्यात पेंढा भरतात," ताई म्हणाली. "तू जिवंतपणीच भरलास. आणि आता लोक मला म्हणतात, तुमचा वाघ त्या पेंढ्याच्या वाघासारखा दिसतो."

आईने पँट उचलून दातांनी दोरा तोडला. ताई चहा न घेता निघाली, आणि आईच्या घरातून चहा न घेता निघण्याची तिची ती पहिलीच वेळ होती.

नंतर ती बारक्याचा फोन घेईना. त्याने आईमार्फत निरोप धाडले, दोनदा दारात येऊन गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा बरोबर एक बाई होत्या. सडपातळ, केस मागे घट्ट बांधलेल्या, बोलताना समोरच्याच्या हातांकडे बघणाऱ्या. कंपनीत त्यांना सगळे गणितवाली म्हणत. त्या दुसऱ्या पंथाच्या होत्या, माणूस बनवणाऱ्यांच्या.

"मी फोटो विकणारी नाही," त्यांनी आधीच सांगून टाकलं. "मला एवढंच विचारायचंय की तो पाचवा गळा नेमका कशाने रुसतो. उष्णतेने? जास्त वेळ वाजवल्याने? की आधी कुठला सूर वाजलाय त्यावर?"

इतक्या वर्षांत ताईला हे कुणीच विचारलं नव्हतं. ती दाराच्या चौकटीत उभी राहूनच सांगू लागली, आणि सांगता सांगता दोघांना आत घ्यावं लागलं.

बारक्याचं म्हणणं असं होतं: आपण याच यंत्राचं सॉफ्टवेअर सिंथ करू. एकही मुद्रण नाही. सहाही गळे आकडेमोडीतून उभे राहतील, पाळी खरीखुरी फिरेल आणि आजारी गळा दर वेळी वेगळा घसरेल. वर ताईचं नाव असेल, खरं नाव. बिग सिस्टर बाजारातून आपोआप उठेल.

"प्रायश्चित्त घेतोयस?" ताईने विचारलं.

"घेऊ दे ना," तो म्हणाला.

ती तयार झाली ती त्याच्यासाठी नव्हे. तिला त्या पेंढ्याच्या वाघाची फजिती बघायची होती.

मग यंत्र कंपनीत गेलं, आणि त्याच्यामागे ताईही रोज दुपारी जाऊ लागली. एका लांबट खोलीत गणितवालीने यंत्राचं झाकण काढून प्रत्येक गळ्याला तारा लावल्या. कंपनीने कुठून तरी परदेशातून पाचव्या गळ्याचा एक धडधाकट सुटा भागही मिळवला. आजारी आणि निरोगी यांत फरक काय, ते मोजायला. ताई वाजवायची, गणितवाली पडद्यावरच्या रेघा बघायची, बारक्या ऐकायचा. "आत्ता आजारी आला," तो म्हणायचा, आणि रेघ खरोखर घसरलेली असायची. त्या खोलीत ताई हळूहळू त्याच्याशी बोलू लागली. आधी फक्त सुरांबद्दल. मग आईच्या गुडघ्यांबद्दल. एकदा त्याने तिच्या डब्यातलं न विचारता खाल्लं आणि ती काही बोलली नाही.

शेवटी एक दिवस त्यांनी मधे पडदा लावला. पलीकडे एकदा यंत्र वाजणार, एकदा संगणक. कुठलं कुठलं ते ताईने ओळखायचं. ती डोळे मिटून बसली. पहिलं यंत्र म्हणाली, दुसरा संगणक. चुकली. पुन्हा ऐकलं. पुन्हा चुकली. तिसऱ्यांदा तिने ओळखायचा प्रयत्नच केला नाही. आवाज खोलीभर पसरला, घसरला, दम खाऊन वर आला, आणि कुठे येणार ते तिला सांगता येत नव्हतं. ताईला आनंद झाला आणि भीतीही वाटली. गणितवाली पडद्याआडून बाहेर आल्या तेव्हा ताईने त्यांचे दोन्ही हात धरले.

सिंथ बाजारात जाण्याआधी ठरलेल्या काही संगीतकारांकडे चाचणीला गेलं. त्यांची मतं आली तेव्हा कंपनीच्या साहेबांनी तिघांना आपल्या खोलीत बोलावलं. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी ताईला उठून खुर्ची दिली.

"मेहनत अफाट आहे," ते म्हणाले. "पण सगळ्यांची तक्रार एकच. हे बिग सिस्टरसारखं वाटत नाही."

"बिग सिस्टर ज्याची नक्कल आहे, ते हे आहे," गणितवाली म्हणाल्या.

"मला कळतं हो. पण लोकांनी आधी काय ऐकलं? ज्याची सवय लागली तेच त्यांना अस्सल. शिवाय हे दर वेळी वेगळं वाजतं. गाणं आज केलं, उद्या उघडलं तर सूर भलतीकडेच हलतोय. एकाने लिहिलंय की यात बिघाड आहे. संगणकावर ताण येतो तो वेगळाच." त्यांनी बारक्याकडे पाहिलं. "तो हलणारा सूर एका जागी बांधता येईल का? सॅम्पलमध्ये ज्या पट्ट्यांवर आहे, त्याच पट्ट्यांवर?"

ताई भावाकडे बघत होती. तो टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होता. लहानपणी खोटं बोलण्याआधी तो असंच करायचा.

"येईल," तो म्हणाला. "सोपं आहे."

"बारक्या," ताई म्हणाली.

"ताई, एवढं चालतं गं. नाहीतर पूर्णच बासनात जाईल. निदान नाव तरी राहील तुझं."

"कशावर?"

गणितवाली उठल्या आणि दार न लोटता निघून गेल्या. काही दिवसांनी त्यांनी नोकरी सोडली. जाण्याआधी ताईच्या घरी येऊन तो धडधाकट सुटा भाग देऊन गेल्या. "कंपनीला याचा आता उपयोग नाही," म्हणाल्या. "तुमचं यंत्र यावर आणखी वीस वर्षं चालेल. फक्त मग तो आवाज राहणार नाही. तुम्हीच ठरवा."

सिंथ बाजारात आलं. त्याचं नाव बिग सिस्टर टू. आजारी सूर जागच्या जागी बांधलेला. ताईचं नाव होतं, पण आभारांच्या यादीत, आणि तेही चुकीचं छापलेलं.

मग एका गायिकेच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं. मोठं सभागृह, बरेच वादक. व्यवस्थापकाने फोनवर सांगितलं, "रेकॉर्डमध्ये बिग सिस्टर आहे. पण स्टेजवर लॅपटॉप चांगला दिसत नाही. तुमचं ते जुनं मशीन आहे ना, ते त्याच्यासारखं वाजेल का?"

"बघते," ताई म्हणाली.

तिने फोन ठेवला. खिडकीजवळचं टेबल रिकामं केलं, यंत्राचं झाकण काढलं आणि डाग देण्याची कांडी तापत ठेवली. दुपारचं ऊन सर्किटवर पडलं होतं. आजारी गळ्याचा भाग नखाएवढा होता. तिने तो सावकाश सोडवला आणि बशीत ठेवला. त्याच्या जागी धडधाकट बसवला. मग तिने दुसरं एक काम केलं, आणि ते पहिल्यापेक्षा जास्त अवघड होतं. आजाऱ्याला सांभाळायला केसभर वर-खाली लावलेले बाकीचे पाचही गळे एकेक करून सरळ केले. संध्याकाळी सहाही गळे एका सुरात उभे होते. तिने पट्टी दाबली. आवाज स्वच्छ होता. कुठल्याही दुकानात मिळाला असता.

तालमीत व्यवस्थापकाने कपाळाला आठ्या घातल्या. "ताई, हे तर साधंच वाटतंय."

"बरं झालं ते," ताई म्हणाली. "इतकी वर्षं आजारी होतं."

त्यांनी शेवटी लॅपटॉपच आणला आणि त्याच्यावर काळं कापड टाकलं.

बारक्याच्या कानावर हे गेलं तेव्हा तो कामावरून तसाच तिच्या घरी आला. सरळ यंत्रापाशी जाऊन त्याने ते चालू केलं, तापू दिलं, आणि एकेक पट्टी दाबत वरपर्यंत गेला. मग परत खाली आला. कितीतरी वेळ तो आजारी सुराची वाट बघत होता.

"जुना भाग कुठाय?"

"टाकला."

"ताई, हे काय केलंस? ते जगात एकच होतं."

"लोकांच्या लेखी खरं तुझ्याकडे आहे. दोन दोन खरी कशाला हवीत?"

तो स्टँडजवळ जमिनीवर बसला आणि रडला. ताईला वाटलं होतं त्याला रडताना बघून आपल्याला थंडावा मिळेल. तो काही मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सवयीने यंत्र लावलं, सूर धरला आणि हात तसाच ठेवून ती ऐकत राहिली. काहीच हललं नाही. कचरा केव्हाच गेला होता.

आईला सगळं कळलं तेव्हा ती शिवणयंत्रावरून उठलीच नाही. "आपलं नाक कापून त्याला अपशकुन केलास," एवढंच म्हणाली. मग थोड्या वेळाने, "आणि त्याने तरी काय मिळवलं?"

मिळवलं म्हणायचं तर बारक्याला कंपनीत वरची जागा मिळाली. आता तो स्वतः आवाज करत नाही, इतरांच्या आवाजांना नावं देतो. ताईने स्टुडिओ सोडले. एका नृत्याच्या वर्गात ती सकाळी पियानो वाजवते. लहान मुली आरशासमोर ओळीने उभ्या राहून पाय उचलतात आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. यंत्र तिने चादर घालून आतल्या खोलीत ठेवलंय. भावाबहिणीचं फोनवर बोलणं होतं ते आईच्या औषधांपुरतं.

मागच्या महिन्यात आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दोघं दवाखान्याच्या बाकावर बसले होते, मधे आईची पिशवी.

"काय वाजवतेस हल्ली?" त्याने विचारलं.

"पियानो. वर्गाचाच आहे. थोडा बेसूर आहे."

"करून देऊ नीट? माणूस आहे माझ्या ओळखीचा. फुकट करेल."

"नको," ताई म्हणाली. "तू हात लावू नकोस त्याला."

त्याने मान हलवली आणि पिशवीचे बंद उगाचच सारखे केले. नर्सने दार उघडून आईचं नाव घेतलं. आत एकालाच सोडत होते. ताई उठली आणि आत गेली.